हरलो की दुसऱ्या दिवशी

नातीचं, अक्षयाचं, बारसं झालं ते २०२२ च्या डिसेंबरात. घुगऱ्या वाटून झाल्या होत्या. पाळणा म्हणायला आलेल्या बायका आर. के. पुरममधल्या आपापल्या क्वार्टरांकडे वळल्या होत्या. आणि स्वयंपाकघरात ओट्याला टेकून हणमंतराव दम खात उभे होते. खालून पेढ्यांची पिशवी तेवढी आणली होती त्यांनी. दोन जिने चढले आणि ओठ निळे पडले.

"बसा आधी," भानुमती म्हणाली. "आणि आज काय तो सोक्षमोक्ष लावा. सुधन्वा तुमच्यापुढं तोंड उघडत नाही, म्हणून मी विचारते. दवाखान्यात कधी जायचं?"

"जायचं की. मी कुठं नाही म्हणतोय?"

"कधी?"

"बख्शी कप झाला की."

भानुमतीला हसू आलं. तसं ते वर्ष हसण्याजोगं नव्हतं. हणमंतरावांच्या हृदयाची एक झडप अरुंद झाली होती, ती बदलायला छाती उघडावी लागणार होती, आणि हे दिवाळीतच कळलं होतं. पण बख्शी कपाचं नाव ऐकून तिला हायसं वाटलं.

बख्शी कप म्हणजे दक्षिण दिल्लीतल्या सरकारी वसाहती आणि त्यांच्या मधूनमधून उरलेली जुनी गावं यांच्यातली फुटबॉलची स्पर्धा. संक्रांतीनंतर सुरू होते. जिंकला तो संघ पुढच्या फेरीत, हरला तो त्याच दिवशी बाहेर. हणमंतरावांचा 'पंचगंगा' संघ दर वर्षी त्यात उतरायचा आणि दर वर्षी पहिल्याच सामन्यात हरून घरी यायचा. पहाडी पोरं हरवायची, बंगाली हरवायचे, एकदा तर टपाल खात्यातल्या पोट सुटलेल्या बाबूंनी हरवलं होतं.

"म्हणजे हरलात की जाणार?"

"हरलो की दुसऱ्या दिवशी. शब्द देतो तुला. पण भानू, तोवर संघातल्या पोरांना काही कळता कामा नये. कळलं तर मला मैदानावर पाऊल टाकू देणार नाहीत."

"नाही सांगत. मीही शब्द देते."

इथंच ती चुकली. दुसऱ्या कुठल्या घरातली बाई असं बोलून बसली नसती. पण पंचगंगा पहिल्या सामन्यात हरते हे भानुमतीने लहानग्या मुलाला, सुधन्वाला, कडेवर घेऊन पाहिलं होतं, त्याच्या दहावीच्या वर्षी पाहिलं होतं, सुनेचं, रुचिताचं, माप ओलांडून झाल्यावरही पाहिलं होतं. जानेवारी संपायच्या आत नवरा दवाखान्यात असेल असं धरून तिने पेढ्यांच्या डब्याचं झाकण लावलं.

हणमंतराव मूळचे कोल्हापूरचे. तिथं तालमीतालमीचे फुटबॉलचे संघ असतात, आणि तरुणपणी ते आपल्या पेठेच्या तालमीकडून गोलकीपर खेळायचे. पुढे दिल्लीला मंत्रालयात गाडीवर ड्रायव्हर म्हणून लागले. साहेबांना घरून न्यायचं, कचेरीत सोडायचं, कोपर्निकस मार्गावरच्या सदनात पाहुण्यांना पोचवायचं आणि बाहेर गाडी पुसत थांबायचं, यात सगळी नोकरी गेली. किती साहेब मागच्या सीटवर बसून गेले, पण त्यांतल्या एकानेही पुढे कधी ओळख दाखवली नाही. हणमंतरावांची त्याबद्दल तक्रार नव्हती. ड्रायव्हरची मान मागून दिसते, असं ते म्हणायचे, मानेवरून कोण ओळखणार.

पंचगंगा त्यांनी काढली ती मराठी ड्रायव्हर आणि शिपायांना गोळा करून. ते लोक एकेक करून रिटायर झाले, गावी गेले. मग जवळच्या मुनिरक्यात खोल्या घेऊन मोठ्या परीक्षांचा अभ्यास करणारी महाराष्ट्रातली पोरं येऊ लागली. ती हणमंतरावांना वस्ताद म्हणायची. सामन्याआधी वस्ताद खिशातून कागदाची पुडी काढायचे, तिच्यात कोल्हापूरच्या आखाड्यातली तांबडी माती असायची, ती प्रत्येकाच्या कपाळाला लावायचे. दिल्लीत वाढलेला चैतन्य, जो मंत्रालयात कारकून होता आणि संघाचा कॅप्टन होता, पहिल्या वर्षी म्हणाला होता, "वस्ताद, ये क्या है, भस्म आहे का?" तेव्हापासून पोरं त्याला भस्मासुर म्हणायची.

सामन्याच्या दिवशी भडंग करायचं काम भानुमतीचं. मिरची-लसणाची फोडणी, शेंगदाणे, कोल्हापुराहून आलेले चिरमुरे. हरलेली पोरं मैदानाच्या पायरीवर बसून ते मुठीमुठीने खायची आणि थोड्या वेळाने हसायला लागायची. इतकी वर्षं भडंग हे हरल्यावर खायचं खाणं होतं.

त्या वर्षी पहिला सामना मुनिरक्याच्या पलीकडल्या एका संघाशी होता. त्यांचा म्हातारा मॅनेजर हात जोडून समोर आला. "आओ मराठा साहब. हर साल की तरह, नमस्ते और टाटा?"

"देखते हैं, भाईसाहब," हणमंतराव म्हणाले.

झालं असं, की संक्रांत उलटल्याबरोबर लग्नं सुरू झाली होती, आणि त्या संघातल्या एका पोराचं आदल्या दिवशी लग्न होतं. निम्मा संघ रात्रभर वरातीत नाचून आलेला. बुटांच्या नाड्या बांधतानाच त्यांना जांभया येत होत्या. पंचगंगा जिंकली.

पोरं वस्तादांना उचलून घ्यायला धावली. भानुमती पायरीवरून ताडकन उठली आणि ओरडली, "खाली ठेवा त्यांना." सगळे तिच्याकडे बघायला लागले. "पाठ दुखते त्यांची," ती म्हणाली आणि परत बसली. शब्द दिला होता ना.

घरी येताना रिक्षात ती रिकामा डबा मांडीवर घट्ट धरून बसली. हणमंतरावांचे डोळे मात्र लहान मुलासारखे चमकत होते.

"एकच सामना, भानू. पुढच्याला पहाडी पोरं आहेत. खातायत आम्हाला."

पहाडी पोरांच्या सामन्याला धुकं पडलं. दुपार झाली तरी पलीकडचा गोल दिसेना. रेफरीने खेळवू की नको करत खेळवला, आणि त्या पांढऱ्यात कुणाच्या तरी पायाला लागून चेंडू आत गेला. पहाडी गोलकीपरलासुद्धा तो जाळ्यात पडलेला सापडला. पंचगंगेचा गोलकीपर होता प्रतीक, गारगोटीकडचा, उंच, अबोल. त्याने मग उरलेला सगळा वेळ काहीही आत येऊ दिलं नाही.

त्याच आठवड्यात दवाखान्याची तारीख होती. ती गेली.

सुधन्वाने त्या दिवशी पहिल्यांदा बापावर आवाज चढवला. "बाबा, ही काय मस्करी आहे का? लोक महिनोन्‌महिने थांबतात तारखेला. मी ऑफिसात कुणाकुणाला फोन केलेत, माहीत आहे तुम्हाला?"

"मी हरलो नाही अजून."

"तुम्ही खेळताय तरी का? तुम्ही लाइनच्या बाहेर बसलाय."

 हणमंतराव बाळाला मांडीवर घेऊन बसून राहिले. रुचिताने नवऱ्याला खुणेने आत बोलावलं. भानुमतीला वाटलं, मुलाने असं बोलायला नको होतं, आणि त्याचं चुकलंय असंही तिला म्हणता येईना.

त्या रविवारी कपडे वाळत घालताना ती त्यांना म्हणाली, "भीती वाटते का तुम्हाला? तसं सांगा. मी कुणाला सांगणार नाही."

त्यांनी खालच्या बागेकडे पाहिलं. "भीती कुणाला नाही? पण तसं नाही नुसतं. तिथं पलंगावर टाकलं की मी पेशंट. नंबर लावतील हाताला. इथं मला कुणीतरी वस्ताद म्हणतं, भानू. आणि जिंकतोय गं. आयुष्यात पहिल्यांदा जिंकतोय."

तिने ओला टॉवेल पिळला. पिळून झाला होता, तरी परत पिळला.

तिसरा सामनाही जिंकले. आता उपांत्य फेरी, मोहम्मदपूरच्या पोरांशी, रविवारी दुपारी. जिंकले तर त्यापुढच्या रविवारी अंतिम सामना. आणि दवाखान्याने नवी तारीख दिली होती ती या दोन रविवारांच्या मधली. सोमवारी भरती, बुधवारी ऑपरेशन. कागद घ्यायला भानुमती सुधन्वाबरोबर गेली होती, तेव्हा डॉक्टरबाई फाईल मिटून म्हणाल्या, "अम्माजी, ये वाली डेट मत छोड़िए. अब गुंजाइश नहीं है." बाई चांगल्या होत्या. घाईत होत्या, तरी एवढं सांगायला थांबल्या.

हणमंतराव आता चार पावलं चालले की थांबायचे. थांबल्याचं कळू नये म्हणून भिंतीवरची जाहिरात वाचायचे. एकाच जाहिरातीपुढे त्यांना रोज उभं राहिलेलं बघून भाजीवाला भानुमतीला म्हणाला, "अंकलजी को कोचिंग क्लास जॉइन करना है क्या?"

शुक्रवारी दुपारी तिने भडंग केलं आणि डबा घेऊन मुनिरक्याला गेली.

गल्ली इतकी अरुंद की समोरून स्कूटर आली तर भिंतीला चिकटावं लागे. वर तारांचं जाळं, आभाळ कुठेच नाही. प्रतीकची खोली तिसऱ्या मजल्यावर होती. जिन्यात ती दोनदा बसली. तिला वाटलं, यांना रोज असंच होत असेल.

प्रतीक एकटाच होता. भिंतीवर भारताचे नकाशे, जमिनीवर पुस्तकांच्या चळती. त्याने घाईने खुर्चीवरचे कपडे उचलले. "काकू, तुम्ही कशाला आलात? मी आलो असतो की. वस्ताद बरे आहेत ना?"

"नाहीत," ती म्हणाली. आणि दिलेला शब्द मोडून तिने सगळं सांगितलं. झडप, तारखा, हरलो की दुसऱ्या दिवशी.

प्रतीक पलंगाच्या कडेवर बसला. "मग आम्ही खेळतच नाही परवा. चैतन्यला फोन करतो."

"नको. तुम्ही खेळला नाहीत तर त्यांना लगेच कळेल की मी सांगितलं. मग ते म्हणणार, हे हरणं नव्हे, तूही शब्द मोडलास, मी मोकळा. तुला ठाऊक नाहीत ते. त्यांना मैदानावर हरायला पाहिजे."

बाहेर कुणीतरी पाण्याची मोटर चालू केली. तिचा आवाज खोलीत भरून राहिला.

"म्हणजे काय, काकू?"

तिला ते तोंडाने म्हणायचं नव्हतं. तिने डबा पुढे सरकवला आणि लगेच तिचा तिलाच राग आला, जणू खाऊ देऊन काम करून घेत होती.

"एक चेंडू," ती म्हणाली.

प्रतीक हसला, पण ते हसू लगेच गेलं. "काकू, तीन वर्षं मी इथं आहे. पूर्वपरीक्षेलाच राहतोय. घरी फोन केला की वडील विचारत नाहीत आता, आईकडं देतात फोन. या तीन वर्षांत मी एवढ्या एकाच गोष्टीत पास होतोय."

"माहीत आहे रे."

"नाही माहीत. सगळ्या गल्लीत पोरं मला हाक मारतात आता. 'ओ गोली' म्हणून. आधी शेजारच्या खोलीतला ओळखत नव्हता."

 आपण काय मागतोय हे भानुमतीला घरून निघताना नीट दिसलं नव्हतं, इथं बसल्यावर दिसलं. तरी ती उठली नाही.

"वस्तादांना कळेल," प्रतीक शेवटी म्हणाला. "बाकी कुणाला नाही, पण त्यांना कळणारच. त्यांनीच शिकवलंय मला."

"कळू दे. रागावले तर मी आहे."

तो हो म्हणाला नाही. नाहीही म्हणाला नाही. जिन्यापर्यंत सोडायला आला आणि म्हणाला, "हळू उतरा, कठडा हलतो."

रविवारी ऊन छान पडलं होतं. भानुमती गोलच्या मागच्या पायरीवर बसली, पाठीवर ऊन घेत. हणमंतराव मधल्या रेषेजवळ प्लास्टिकच्या खुर्चीत, मफलर गुंडाळून. त्यांनी माती लावली तेव्हा प्रतीकने मान इतकी खाली घातली, की त्यांना त्याची हनुवटी धरून वर करावी लागली.

पहिल्या अर्ध्या भागात मोहम्मदपूरने एक गोल केला. तो साधासुधा गोल नव्हता, कोपऱ्यातून सणसणत आला. प्रतीक झेपावला, बोटं लागली, तरी गेला. भानुमतीने श्वास सोडला. तिला वाटलं, झालं, आता कुणालाच काही करावं लागणार नाही. पण मध्यंतरानंतर चैतन्यने डोक्याने मारून फेडला. पोरं नाचली. हणमंतराव खुर्चीतून उठले आणि परत बसले. बसताना त्यांनी हात छातीवर ठेवला, ते तिने एवढ्या लांबून पाहिलं.

बाजू बदलल्यामुळे आता प्रतीक तिच्यापुढे होता. त्याची पाठ तिला दिसत होती आणि त्याची सावली पुढे मैदानात पडली होती. त्याने दोन चेंडू अडवले. एक तर असा, की मोहम्मदपूरच्या पोरांनीही टाळ्या वाजवल्या. तिने मनात देवाचं नाव घेतलं, पण काय मागायचं ते सुचेना.

खेळ संपत आला होता. मोहम्मदपूरच्या एका दमलेल्या पोराने लांबून चेंडू नुसता ढकलून दिला. गवतावरून तो हळूहळू येत होता. असा चेंडू घेताना एक गुडघा टेकून हातांमागे धरायचा, म्हणजे हातून निसटला तरी पायाला लागतो, हे हणमंतराव वर्षानुवर्षं सांगत आले होते. वसाहतीच्या बागेत त्यांनी प्रतीककडून ते शंभरदा करून घेतलेलं भानुमतीने गॅलरीतून पाहिलं होतं. प्रतीक वाकला. हात खाली गेले. गुडघा टेकला नाही. चेंडू दोन पायांमधून गेला आणि तिच्या अगदी समोर जाळीला टेकून थांबला.

कुणी ओरडलंच नाही आधी. मोहम्मदपूरच्या पोरांनासुद्धा खरं वाटेना.

हणमंतरावांनी प्रतीककडे पाहिलं नाही. त्यांनी गोलच्या मागे, पायरीवर बसलेल्या भानुमतीकडे पाहिलं. तिने पदर सारखा केला. नजर मात्र खाली घातली नाही.

शिट्टी झाली. चैतन्य धावतच आला. "यार प्रतीक, क्या था ये? डोळे मिटून उभा होतास काय? माझ्या पुतण्याने पकडला असता तो."

प्रतीक उभा होता तसाच उभा राहिला. बाकीची पोरंही जमली. कुणीतरी शिवी दिली.

"ऊन आलं त्याच्या डोळ्यांत."

हणमंतराव चालत आले होते. मध्ये कुठेही न थांबता आले होते, त्यामुळे त्यांना पुढचं बोलायला वेळ लागला.

"ऊन आलं. मी बघितलंय."

चैतन्यने मान वर केली. सूर्य गोलच्या मागे होता, भानुमतीच्या डोक्यावरून खाली चालला होता. त्याचं ऊन चैतन्यच्याच डोळ्यांत येत होतं. त्याने एकदा सूर्याकडे पाहिलं, एकदा वस्तादांकडे पाहिलं, आणि म्हणाला, "बरोबर, वस्ताद. दिल्लीचं ऊन, काही भरवसा नाही."

हणमंतरावांनी प्रतीकच्या मानेवर हात ठेवला. "गुडघा राहिला टेकायचा," ते इतक्या हळू म्हणाले, की भानुमती जवळ आली होती म्हणून तिला ऐकू आलं. "असू दे. चांगला खेळलास."

मग ते तिच्याकडे वळले. "चल. उद्याची पिशवी भरायची आहे."

सोमवारी ते भरती झाले, बुधवारी ऑपरेशन झालं. ते बरं झालं. होळीला ते घरी होते, छातीशी उशी धरून खोकत. वैशाखात दोन जिने चढून भाजीची पिशवी घेऊन वर आले आणि मध्ये एकदाही थांबले नाहीत. भानुमती दारात उभी राहून बघत होती. "काय बघतेस?" ते म्हणाले. "कोथिंबीर आहे." ती आत गेली आणि नळ सोडून थोडा वेळ रडली.

प्रतीक त्या वर्षीही पूर्वपरीक्षेला राहिला. गावी जाण्याआधी पाया पडायला आला. दोघं बाहेरच्या खोलीत बसून उसाला यंदा पाणी कसं आहे, गाडीत खालचा बर्थ मिळाला का, असलं बोलत होते. भानुमतीने चहा आणला. प्रतीकने कप तिच्या हातातून अलगद घेतला आणि "थँक्यू काकू" म्हणाला. मुनिरक्याच्या खोलीतला पोरगा तो हाच की आणखी कुणी, असं वाटावं इतका तो शांत होता. पुढे गारगोटीला त्याने खतांचं दुकान टाकलं, असं कळलं.

त्याच्या पुढच्या थंडीत पंचगंगा उतरली नाही. चैतन्यची बदली झाली होती, पोरं पांगली होती. कुणी नव्याने गोळा केली असती तर जमली असती, पण हणमंतरावांनी मनावर घेतलं नाही. बख्शी कप चालू असायचा तेव्हा ते संध्याकाळी फिरायला मैदान टाळून, मेट्रोच्या बाजूने जायचे. टीव्हीवर फुटबॉल लागला तर बघायचे, नाही असं नाही. सुधन्वाला एखादा पास समजावूनही सांगायचे. त्या रविवारबद्दल मात्र ते घरात कधीही बोलले नाहीत.

भानुमतीने उत्तर तयार ठेवलं होतं. पोळ्या लाटताना, अक्षयाला अंघोळ घालताना ती ते मनात घोळवायची. हो, मीच गेले होते. पोराचं नुकसान केलं, तुमचं केलं, शब्द मोडला. परत वेळ आली तर परत जाईन. कधी तिला वाटे आज विचारतील. रात्री दिवा घालवून ते पडत, छातीवरच्या वणावरून अंगठा फिरवत, आणि ती कान देऊन राही. "दूध झाकलंस का?" ते विचारत. "झाकलं," ती म्हणे. एकदा तीच बोलायला लागली होती. "तुम्हाला एक सांगायचं होतं," म्हणाली. ते कूस बदलून म्हणाले, "झोप, भानू. दिवसभर उभी असतेस." त्यात राग नव्हता. राग असता तर तिला सोपं गेलं असतं.

एवढं मात्र खरं, की ते दिवस त्यांना मिळाले. अक्षयाला पहिलं पाऊल टाकताना त्यांनी पाहिलं. तिला बालवाडीच्या व्हॅनपर्यंत तेच सोडायचे, आणि व्हॅनचा ड्रायव्हर गियर चुकीचा टाकतो म्हणून रोज घरी येऊन कुरकुरायचे. एकदा दोघं नवराबायको कोल्हापूरला जाऊन आली. बाकी काही विशेष झालं नाही.

२०२५ च्या कार्तिकात, दिवाळी उलटल्यावर एका बुधवारी, दुपारचं जेवण करून आडवे झाले ते हणमंतराव उठले नाहीत. झोपेतच गेले.